कात्रीबाई आणि सहावीचा शेवटचा बाक

कात्रीबाईला कुणी 'ताई' म्हटलेलं खपत नाही. काकू म्हणा, मावशी म्हणा, अहो शिवणवाल्या अशी हाक मारा, ती मान वर करेल. पण 'ताई' म्हटलंत की मशीन थांबतं, चष्मा नाकावर घसरतो आणि त्याच्या वरून दोन डोळे असे रोखून बघतात की माणूस आपण कशाला आलो होतो तेच विसरतो. "मी तुमची कुठली ताई?" असं ती विचारते. गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं की घरमालक पाण्याच्या वेळा नंतर सांगतो, आधी हे सांगतो.

कात्रीबाई हे नाव अर्थात पाठीमागचं. समोर म्हणायची कुणाची छाती आहे! दुकान म्हणाल तर एक दार, एक खिडकी, दोन मशिनं आणि इस्त्रीचं टेबल. शाळेचे गणवेश आणि खेळाचे कपडे हा तिचा मुख्य धंदा, बाकी आलं-गेलं काम. हाताला सफाई होती आणि जिभेला धार. एका वकिलाला तिने भर दुकानात सांगितलं होतं, "साहेब, पोट आत ओढून माप देऊ नका. पँट घातल्यावर तुम्हाला श्वासही घ्यायचाय." वकील चिडला, पण पुढची पँटही तिच्याकडेच टाकून गेला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा 'ताई'चं एवढं काय? तर ऐका. चौथीत असताना ती आजारी पडली आणि परीक्षा बुडाली. ते कुणाच्या हातात नव्हतं, सोडून द्या. दुसऱ्या वर्षी ती चांगल्या मार्कांनी पास झाली. पण तोवर धाकटी बहीण तिसरी पास होऊन चौथीत येत होती. वडिलांनी डोकं लढवलं. दोघी एकाच वर्गात बसल्या तर पुस्तकांचा एकच संच पुरेल, आणि धाकटीवर लक्ष ठेवायला घरचंच माणूस राहील. झालं! पास झालेली पोर तिसऱ्यांदा चौथीत बसली. बाकाखाली तिचे गुडघे मावत नव्हते, फळीला घासून सोलून निघायचे. धाकटी सवयीने भर वर्गात 'ताई' अशी हाक मारायची. दोन दिवसांत अख्खा वर्ग तिला ताई म्हणू लागला, आणि एकदा तर हजेरी घेताना बाईच म्हणाल्या, "ताई आल्या का?" वर्ग खो खो हसला. सातवीनंतर ती शाळेतून उठली ती उठलीच.

तर अशा बाईच्या दुकानात एका दुपारी शाळेचे बास्केटबॉलचे सर आले. माणूस नवीन होता, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. दारातूनच म्हणाले, "ताई, जरा बोलायचं होतं."

मशीन थांबलं. इस्त्री करणारी बाई खाली मान घालून हसू दाबू लागली.

"बोला," कात्रीबाई म्हणाली. "आणि आधी ते ताई काढून टाका."

सर गडबडले, पण मागे हटणाऱ्यातले नव्हते. त्यांनी स्टूल ओढलं. "तुमची मुलगी म्हणजे सोनं आहे हो. अशी उंची, असा हात, माझ्या पाहण्यात नाही."

"मला माहीत आहे. मीच माप घेते तिचं. पुढे?"

पोरगी सहावीत होती आणि वर्गात सगळ्यांत उंच. मैदानावर तिला शिडी म्हणत. सरांनी सगळं समजावून सांगितलं. शाळाशाळांच्या स्पर्धेत पाचवी-सहावीचा लहान गट, सातवी-आठवीचा मधला, नववी-दहावीचा मोठा. जी मुलगी ज्या वर्गात, ती त्या गटात. शिडी आता सातवीत गेली की मधल्या गटात सगळ्यांत लहान, म्हणजे वर्षभर राखीव म्हणून कडेला बसणार. पण तिला अजून एक वर्ष सहावीतच ठेवलं तर? तर लहान गटात तिच्या तोडीची कुणी नाही. कप्तानपद तिचं, चषक शाळेचा. शिवाय लहान गटाची अंतिम फेरी बघायला क्रीडाशाळेची माणसं येतात. दोघी-तिघींना उचलतात, राहणं-खाणं-शिकणं सगळं तिथेच.

"पण ती पास होतेय," कात्रीबाई म्हणाली.

"हो हो, पासच आहे. प्रश्न पास-नापासाचा नाहीच. पालकांनी विनंती-अर्ज दिला की शाळा ठेवते त्याच वर्गात. नियमात बसतं. औषधांच्या दुकानवाल्यांनी त्यांच्या मुलीसाठी गेल्याच वर्षी दिला, दातांचे डॉक्टर आता देताहेत. सगळेच करतात."

"सगळेच करतात, मग फायदा कुणाला? सगळ्यांच्याच पोरी एक पायरी खाली उतरल्या, तर रांग होती तिथेच राहिली की."

सर हसले. समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं बघा, घाई कशाला? मूल एक वर्ष मुरू द्यावं."

"मुरायला ती काय लोणचं आहे?" कात्रीबाईने समोरचा गणवेश उलटा केला आणि शिवणीच्या आतली दोन बोटं जादा कापडाची पट्टी सरांच्या नाकापुढे धरली. "ही बघा. हिला आमच्या धंद्यात माया म्हणतात. वाढत्या अंगाचं कापड असलं की आम्ही आत माया सोडतो. पोर वाढली की शिवण उसवायची आणि कपडा मोठा करायचा. कपडा जुना झाला म्हणून पोरीला वाढू नको असं अजून कुणी शिंप्याने सांगितलेलं नाही."

सर उठले. अर्जाचा कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवत म्हणाले, "विचार करा. आईवडील दोघांच्या सह्या लागतील."

विचार करायला काय, तिचा झालेलाच होता. पण घरी वेगळंच मांडून ठेवलं होतं. सर आधी नवऱ्याला भेटून आले होते.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. गावातल्या उंच इमारतींतली एक लिफ्ट अशी नसेल जिच्या तारांना त्याचा हात लागला नाही. माणूस गरीब स्वभावाचा, आवाज कधी चढायचा नाही. तरुणपणी कारखान्याच्या बास्केटबॉल संघात होता, होता म्हणजे राखीव होता. चार वर्षं कडेच्या बाकावर बसला. त्याची जर्सी चार वर्षांत एकदाही घामाने भिजली नाही, आणि ती अजून कपाटात घडी घालून ठेवलेली होती. पोरीने पहिल्यांदा बास्केट टाकली तेव्हा हा बाप मैदानाच्या जाळीला धरून रडला होता.

"अगं, एका वर्षाचा तर प्रश्न," जेवताना तो म्हणाला. "तिला खेळायला मिळेल. कडेला बसणं काय असतं ते मला विचार."

"आणि मागे बसणं काय असतं ते मला विचारा. कमाल आहे तुमची! अख्ख्या गावाला वर नेता, आणि पोटच्या पोरीला त्याच मजल्यावर थांबवून ठेवता?"

नवऱ्याने घास खाली ठेवला. तेवढ्यात शिडी बोलली. इतका वेळ ती ताटात बघत होती.

"आई, मला राहायचंय."

"कुठे?"

"सहावीत. सर म्हणाले मी कप्तान होईन."

"आणि तुझ्या मैत्रिणी?"

"त्या वर जातील. मधल्या सुट्टीत भेटतील की." हे म्हणताना तिचा आवाज जरा हलला, पण हनुवटी वर होती. हट्टाला ती आईवरच गेली होती, दुसरं कुणावर जाणार!

कात्रीबाईला त्या क्षणी पोरीचा राग आला. आपण नाही म्हणायचं ते कुणाच्या विरुद्ध, तर जिच्यासाठी म्हणायचं तिच्याच? अर्ज चार घड्या करून तिने सुयांच्या डब्याखाली ठेवला.

पुढच्या आठवड्यात पुढच्या हंगामाच्या कपड्यांची मापं द्यायला संघातल्या मुली दुकानात आल्या. त्यात ती औषधवाल्यांची मुलगीही होती. दोन वर्षांपूर्वी ही पोर मापाला उभी राहायची ती काठीसारखी ताठ. आता बघते तर खांदे पाडून, पाठीला बाक काढून उभी.

"सरळ उभी राहा गं, माप खोटं येतंय."

"सरळ राहिले की फार मोठी दिसते, मावशी."

"मोठी आहेसच. मोठी दिसलीस तर काय बिघडलं?"

मुलीने मागे वळून बाकीच्या ऐकत नाहीत ना ते पाहिलं. "वर्गात मला आजीबाई म्हणतात. मी दोनदा पाचवीत ना. नवीन मुलींना वाटतं मी नापास झाले. सांगितलं तरी पटत नाही कुणाला." मग हळूच म्हणाली, "ढगळ शिवाल का, मावशी? जरा लपेल असं."

"या वर्षी कप्तान आहेस ना तू?"

"आहे ना. सगळे सामने जिंकतो आम्ही." ती म्हणाली आणि बाजूला झाली.

कात्रीबाईने टेप गुंडाळला. त्या संध्याकाळी तिने घरी जाऊन सांगून टाकलं की पोर सातवीत जाईल, आणि अर्जावर आपली सही मेल्याशिवाय होणार नाही. नवरा म्हणाला, "बरं बाई, तू म्हणशील तसं." नवरा इतक्या पटकन 'बरं' म्हणाला म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे बायकोने खरं तर तिथेच ओळखायला हवं होतं. पण गणवेशांचे दिवस होते, तिला मान वर करायला फुरसत नव्हती. शिडीही गप्प गप्प असायची. रुसली असेल, होईल बरी, असं म्हणून आईने ते सोडून दिलं.

सुट्टी संपली, शाळा उघडली. त्या दिवशी दुकानात नुसती जत्रा असते. कुणाचा स्कर्ट लांब, कुणाचं बटण तुटलेलं, कुणाची पँट सुट्टीत आखूड झालेली. साडेदहाच्या सुमाराला एक आई आपल्या लहान मुलीला घेऊन आली, शाळेतूनच, गुडघ्यावर फाटलेला गणवेश रफू करायला. पोरगी बडबडी होती. "शिवणवाल्या मावशी, तुमची शिडी आमच्या ताईच्या वर्गात आलीये! शेवटच्या बाकावर. तिचे पाय ना, पुढच्या बाकाच्या खालून बाहेर येतात!"

"तुझी ताई कितवीत?"

"सहावीत."

रफूचं कापड तसंच इस्त्रीवालीच्या हातात देऊन कात्रीबाई निघाली. गळ्यात टेप, ब्लाउजला टोचलेल्या टाचण्या, पायात दुकानातल्या स्लिपर. रस्त्यात कुणी तरी विचारलं, "एवढ्या घाईत कुठे?" तर म्हणाली, "शिवण उसवायला."

मोठ्या बाईंच्या खोलीत ती परवानगी न विचारताच शिरली. मोठ्या बाई शांत बाई होत्या, पहिल्या दिवशी असे शंभर पालक येतात याची त्यांना सवय होती. त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि अर्ज समोर ठेवला.

"आमची काही चूक नाही हो. हा बघा अर्ज. 'पाल्य वारंवार आजारी व अशक्त असल्यामुळे त्याच इयत्तेत ठेवावे.' ही वडिलांची सही, ही तुमची."

"अशक्त?" कात्रीबाईचा आवाज बाहेरच्या शिपायापर्यंत गेला. "पाच फूट चार इंच पोर माझी! तीन मजले एका दमात चढते, शेजारच्यांचा सिलिंडर उचलून देते, आणि अशक्त?"

"सही तुमचीच आहे ना पण?"

तिने कागद उचलला. इथे एक सांगितलं पाहिजे. कात्रीबाईच्या नावात शेवटी वेलांटी आहे. शुद्धलेखनाप्रमाणे ती दुसरी हवी, ही पहिली काढते. तिसऱ्यांदा चौथीत बसली होती तेव्हा बाईंनी त्यावरून तिला उभं केलं. एवढी घोडी झालीस, स्वतःचं नाव लिहिता येत नाही, म्हणाल्या, आणि शंभर वेळा बरोबर लिहून आणायला सांगितलं. तिने शंभर वेळा चुकीचं लिहून नेलं. मार खाल्ला, पण वेलांटी बदलली नाही. नाव माझं आहे, वेलांटीही माझीच राहील, एवढं एकच त्या वर्षी तिच्या हातात होतं. तेव्हापासून बँकेत, भाडेपट्ट्यावर, पोरीच्या दर प्रगतिपुस्तकावर तिची सही त्या एका चुकीसकट होत आली. आणि या अर्जावर? या अर्जावर वेलांटी दुसरी होती, व्याकरणाच्या पुस्तकातून उचलून ठेवल्यासारखी. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण नवऱ्याला बायकोची चूक कधी दिसलीच नव्हती.

"ही माझी सही नाही," ती म्हणाली. "हिच्यात चूक नाही."

मोठ्या बाईंना आधी काही कळेना. मग त्यांनी जुनी प्रगतिपुस्तकं मागवली आणि एकामागून एक उघडून पाहिली. पहिलीचं, दुसरीचं, तिसरीचं, सगळीकडे तीच उलटी वेलांटी. त्यांनी चष्मा काढला.

"हे गंभीर आहे. पण आता याद्या झाल्या आहेत. आजच्या आज नाही करता येणार. अर्ज रद्द करायचा तर त्यालाही अर्ज लागतो."

"कागद द्या."

उभ्या उभ्या तिने तीन ओळी लिहिल्या. माझी मुलगी पास झाली आहे. ती सातवीत बसेल. ती अशक्त नाही. खाली सही ठोकली, चुकीची आणि खणखणीत. मोठ्या बाईंनी तो अर्ज फाइलला लावला आणि पोरीला सातवीत बसवायला होकार दिला.

सहावीच्या वर्गात बाई फळ्यावर तारीख लिहीत होत्या. कात्रीबाई दारात उभी राहिली आणि थेट शेवटच्या बाकाकडे बघत म्हणाली, "दप्तर घे. वर चल."

शिडीचा चेहरा लाल झाला. चाळीस पोरी माना वळवून बघत होत्या.

"मी नाही येणार."

"तुला माहीत होतं?"

"हो. बाबाने विचारलं होतं मला. मीच म्हटलं कर सही."

नवऱ्याने फसवलं त्याचा तिला संताप होता. पण हे ऐकलं आणि ती हलली. मागे वळून निघून जावं, मरू दे, करू दे काय करायचं ते, असं तिच्या मनात येऊन गेलं. ती गेली नाही. बाकांमधून चालत थेट शेवटपर्यंत गेली.

"माझ्यासाठी येऊ नकोस," ती म्हणाली. "तू पास झालीस म्हणून ये. तुझं वर्ष तू कमावलंयस, ते कुणाला बक्षीस द्यायचं नाही, सरांना नाही, बाबाला नाही आणि चषकाला तर नाहीच. माझ्यावर ओरडायचंय? ओरड. पण वर जाऊन ओरड, सातवीतली मुलगी म्हणून."

शिडीने दप्तर उचललं. जिन्यात ती रडत होती, आणि वरच्या मजल्यावर पोहोचल्यावर दाराबाहेर थांबून म्हणाली, "मला तू आवडत नाहीस."

"चालेल," आई म्हणाली. पोर आत जाईपर्यंत ती तिथेच उभी होती.

नवरा घरी आला तेव्हा सगळ्या गल्लीला बातमी कळलेली होती. तो दारातच उभा राहिला, आत यावं की नाही अशा विचारात.

"या आत," ती म्हणाली. "खात नाही तुम्हाला. सही केलीत ती केलीत, पण अशक्त लिहायला हात कसा धजला?"

"मला वाटलं तिला तरी खेळायला मिळावं." त्याचे डोळे भरले. "चार वर्षं गं. एकदासुद्धा नाव पुकारलं नाही माझं."

तिचा राग निम्मा तिथेच ओसरला, पण निम्माच. "तुम्हाला खेळायला मिळालं नाही याचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण तुमचं दुःख तिच्या अंगात घालू नका हो, तिच्या मापाचं नाही ते." त्या रात्री तो जेवला नाही, आणि तिनेही आग्रह केला नाही. चार दिवसांनी दोघं पुन्हा बोलू लागले. पोर मात्र बोलेना.

मग ते वर्ष गेलं कसं, तर सर म्हणाले होते तस्संच. शिडी मधल्या गटात राखीव. संघाचे कपडे सरांनी दुसऱ्या शिंप्याकडे टाकले. शिडी रोज पहाटे उठून सरावाला जायची आणि शनिवारी सामन्याला जाऊन कडेला बसायची. सगळ्या हंगामात मिळून तिला अकरा मिनिटं खेळायला मिळालं. त्या अकरा मिनिटांत दुसऱ्या शाळेच्या एका आठवीतल्या मुलीने तिला तीनदा जमिनीवर लोळवलं. त्या मुलीला सगळे भिंत म्हणत, आणि ती होतीच तशी, अंगाने आडवी आणि जागची न हलणारी. तिकडे लहान गटाने चषक मारला. औषधवाल्यांची मुलगी क्रीडाशाळेत निवडली गेली. वर्तमानपत्रात फोटो आला. शिडीने तो कापला आणि आईच्या मशीनसमोरच्या भिंतीवर, बरोब्बर तिच्या डोळ्यांपुढे, टाचणीने लावला.

कात्रीबाईने तो काढला नाही. रोज काम करताना ती तो बघायची. चुकलं का आपलं? वाटायचं, न वाटायला ती काय दगड होती? एका दुपारी गिऱ्हाईक नसताना इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून ती रडली, आणि इस्त्रीवाली आत आली तर तिलाच ओरडली, की एवढी वाफ का करतेस, डोळ्यांत जाते. पण पुन्हा तसाच अर्ज समोर आला असता तर तिने पुन्हा तेच केलं असतं, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. चूक असेल तर असो, आपली आहे, असं ती स्वतःला म्हणायची.

वर्ष संपत आलं, परीक्षा झाल्या. एका दुपारी दारात पांढरे बूट दिसले. सर आले होते, हातात कपड्यांचं गाठोडं. दुसऱ्या शिंप्याने शिवलेल्या चड्ड्या भर सामन्यात उसवल्या होत्या, तेही पाहुणे बघत असताना. कात्रीबाईने गाठोडं सोडलं, एक शिवण बघितली आणि "अरेरे" एवढंच म्हणाली. शिडी खिडकीशी बसून कच्चे टाके उसवत होती. आईशी ती हल्ली कामापुरतं बोलायची.

सरांची नजर तिच्यावर गेली. वर्षात पोर अजून चार बोटं वाढली होती. त्यांना राहवेना.

"मावशी," ते म्हणाले, शहाणे झाले होते बिचारे, "रागावू नका, पण अजून वेळ गेलेली नाही. या वर्षी हिला सातवीतच ठेवली तर मधल्या गटात अजून दोन वर्षं मिळतील. तिच्यासमोर कुणी उभं राहणार नाही. या खेपेला तरी विचार करा."

कात्रीबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं धार लावलेलं. पण तिने ओठ मिटले. फार जड गेलं ते. तिने मान खिडकीकडे वळवली, आणि सरांनीही तिकडे पाहिलं.

शिडीने हातातला टाका पूर्ण उसवला आणि मगच वर बघितलं.

"सर, भिंत आता कितवीत गेली?"

"नववीत. मोठ्या गटात. आता तिची काळजी नाही तुला."

"म्हणजे पुढच्या वर्षी दहावीत. मी आता आठवीत गेले की पुढच्या वर्षी नववीत, मोठ्या गटात. तेव्हा ती मला सापडेल, एकच वर्ष." बोटांवर मोजून ती म्हणाली. "आणि सातवीत बसून राहिले तर मी तिथे पोहोचेपर्यंत ती शाळा सोडून गेलेली असेल. मग मी हरवू कुणाला? छोट्या पोरींना?"

"अगं पण कप्तान..."

"तिने मला तीनदा पाडलंय, सर. मला तिलाच पाडायचंय."

सर चड्ड्या कधी मिळतील ते विचारून निघून गेले. इस्त्रीवाली तोंडात पदर कोंबून बसली होती. कात्रीबाईने मशिनात दोरा ओवायला घेतला, पण डोळ्यांसमोर सुईचं भोक काही केल्या दिसेना.

"आणि तू हसू नकोस," शिडी आईकडे न बघता म्हणाली. "माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही."

"जाऊ देऊही नकोस," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी तिच्यासमोर लागेल तुला."